नॉर्वेजियन भाषेत ध्येय आणि हेतू विचारणे : 'का' आणि 'कशासाठी' यांच्या रचना

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना :
- नॉर्वेजियन भाषेत कारण आणि हेतू विचारणारे प्रश्न तयार करता येतील.
- उत्तर देताना कारण सांगायचे आहे की हेतू, हे ओळखून योग्य रचना निवडता येईल.
- वस्तूचा उपयोग, व्यक्तीचा बेत आणि एखाद्या कामाचे उद्दिष्ट यांविषयीचे वेगवेगळे प्रश्न ओळखता येतील.
- उद्धट न वाटता हेतू कसा विचारावा, हे समजेल.

१. प्रस्तावना

परक्या देशात गेलेल्या माणसाला सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न बहुधा 'तुम्ही इथे का आलात?' हाच असतो. शेजारी, सहाध्यायी, नोकरी देणारे, अर्ज तपासणारे अधिकारी हे सगळे तो आपापल्या पद्धतीने विचारतात. नॉर्वेमध्ये २०२३ च्या शरद सत्रापासून युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि स्वित्झर्लंड यांच्याबाहेरून नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांतही शिक्षणशुल्क भरावे लागते. त्यामुळे भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला 'हाच अभ्यासक्रम का, पुढे काय करायचे आहे' याचे नेमके उत्तर स्वतःला आणि इतरांनाही द्यावे लागते. उत्तरातला एक छोटा शब्द चुकला, तर 'मला पुढे काय साधायचे आहे' असे सांगायचे असताना 'माझ्या बाबतीत आधी काय घडले' एवढेच सांगितले जाते. म्हणून हा विषय व्याकरणाचा असला तरी केवळ व्याकरणापुरता नाही.

२. उच्चाराविषयी थोडेसे

या पाठात नॉर्वेजियन शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. उच्चार प्रामुख्याने ओस्लो आणि पूर्व नॉर्वे या भागांतले आहेत. तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

(अ) प्रश्नार्थक शब्दांच्या लेखनात सुरुवातीला 'ह' आणि 'व' अशी दोन अक्षरे असतात. त्यांतला 'ह' उच्चारला जात नाही. म्हणून 'काय' या अर्थाचा शब्द 'वा' आणि 'का' या अर्थाचा शब्द 'वुर्फॉर' असा ऐकू येतो.

(आ) 'र' नंतर त, द, न, स आले की दोन्ही ध्वनी मिसळून अनुक्रमे ट, ड, ण, ष असे मूर्धन्य ध्वनी होतात. 'नॉर्स्क' म्हणजे नॉर्वेजियन भाषा. तिचे नाव प्रत्यक्षात 'नॉष्क' असे ऐकू येते. 'कसे' या अर्थाचा शब्द 'वुडान' आणि 'कारण की' या अर्थाचा शब्द 'फॉडी' असा होतो (आघात दुसऱ्या अक्षरावर). युरोपातील अनेक विद्यार्थ्यांना हे ध्वनी जड जातात. भारतीय विद्यार्थ्यांना मात्र ते जन्मापासून ओळखीचे आहेत.

(इ) 'ते' या अर्थाच्या 'दे' या शब्दात आणि नामांना शेवटी लागणाऱ्या 'ए' या प्रत्ययात लिहिताना 'त' असतो, पण तो बोलला जात नाही.

३. मराठीत काय होते?

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत खालील दोन प्रश्न वेगळे आहेत :

- तू काल का आला नाहीस? (कारण)
- तू पुण्याला कशासाठी चालला आहेस? (हेतू)

'का' मागे पाहतो आणि 'कशासाठी' पुढे पाहतो. 'कशाला' हा शब्दही हेतूच विचारतो, पण त्यात अनेकदा नाराजीचा सूर असतो : 'कशाला आलास?' हिंदीत 'क्यों' आणि 'किसलिए', तर गुजरातीत 'केम' आणि 'शा माटे' असा काहीसा हाच भेद दिसतो.

म्हणजे आपल्याकडे प्रश्नाच्या शब्दावरूनच पुष्कळदा कळते की समोरच्याला कारण हवे आहे की हेतू. नॉर्वेजियन भाषेत मात्र रोजच्या बोलण्यात दोन्हींसाठी 'वुर्फॉर' हा एकच शब्द पुरतो. भेद होतो तो उत्तरात. मराठी हा फरक प्रश्नात करते, नॉर्वेजियन तो उत्तरात करते. हे सूत्र पक्के झाले की पाठाचा अर्धा भाग समजला.

४. 'वुर्फॉर' या प्रश्नाची रचना

नॉर्वेजियन मुख्य वाक्यात क्रियापदाची जागा ठरलेली आहे : ते दुसऱ्या स्थानावर येते. पहिल्या स्थानावर प्रश्नार्थक शब्द आला की कर्ता आपोआप तिसऱ्या स्थानावर जातो.

- विधान : दू लॅरेर नॉष्क. (तू नॉर्वेजियन शिकतोस.)
- प्रश्न : वुर्फॉर लॅरेर दू नॉष्क? (तू नॉर्वेजियन का / कशासाठी शिकतोस?)

इथे इंग्रजीसारखे साहाय्यकारी क्रियापद लागत नाही. कर्ता आणि क्रियापद यांची अदलाबदल केली की प्रश्न तयार होतो.

'म्हणून' या अर्थाने येणाऱ्या 'दॅर्फॉर' या शब्दालाही हाच नियम लागू आहे : दॅर्फॉर लॅरेर यॅय नॉष्क. (म्हणून मी नॉर्वेजियन शिकतो. 'यॅय' म्हणजे मी.) इथे वाक्य प्रश्नार्थक नाही, तरीही क्रियापद दुसऱ्याच स्थानावर राहते.

दोन छोटे प्रश्न रोज कानावर पडतात :
- वुर्फॉर दे? (का बरं?)
- वुर्फॉर इके? (का नाही? 'इके' म्हणजे नाही.)

५. उत्तराच्या तीन वाटा

५.१ कारण : 'फॉडी' + पूर्ण उपवाक्य

यॅय स्पोर फॉडी यॅय इके फॉष्टोर. (मला समजत नाही, म्हणून मी विचारतो.)

'फॉडी' नंतर कर्ता आणि क्रियापद असलेले पूर्ण उपवाक्य येते. इथे नकाराची जागा नीट पाहावी. मुख्य वाक्यात 'यॅय फॉष्टोर इके' असा क्रम असतो, म्हणजे नकार क्रियापदानंतर येतो. उपवाक्यात तोच नकार क्रियापदाच्या आधी जातो : 'यॅय इके फॉष्टोर'. नवशिक्या विद्यार्थ्यांची ही फार नेहमीची चूक आहे.

५.२ हेतू, कर्ता एकच : 'फॉर ओ' + क्रियापदाचे मूळ रूप

यॅय स्पोर फॉर ओ फॉष्टो. (मी समजून घेण्यासाठी विचारतो.)

वरचे वाक्य आणि हे वाक्य शेजारी ठेवून वाचावे. विचारणारा तोच आहे आणि कृतीही तीच आहे. पहिल्या वाक्यात तो मागची अडचण सांगतो, दुसऱ्यात पुढचे ध्येय. 'फॉर ओ' नंतर कर्ता येत नाही. मराठीत 'समजून घेण्यासाठी' किंवा 'शिकायला' यांतही कर्ता वेगळा सांगावा लागत नाही, तसेच हे आहे. फरक इतकाच की मराठीत '-साठी' किंवा '-ला' क्रियापदाच्या मागे लागतो आणि नॉर्वेजियनमध्ये 'फॉर ओ' क्रियापदाच्या आधी येतो.

हेतू नकारार्थी असेल तर 'इके' मध्ये घालतात : यॅय स्क्रीवेर दे नेद फॉर इके ओ ग्लेमे दे. (विसरू नये म्हणून मी ते लिहून ठेवतो.)

लेखनाबाबत एक सूचना. क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा 'ओ' आणि 'आणि' या अर्थाचा 'ओ' उच्चारात सारखे आहेत, पण लेखनात वेगळे आहेत. मातृभाषा नॉर्वेजियन असलेले लोकही इथे चुकतात. 'फॉर' नंतर नेहमी मूळ रूपाचा 'ओ' असतो.

५.३ हेतू, कर्ता वेगळा : 'फॉर आत' + उपवाक्य

यॅय स्नाकेर साक्ते फॉर आत दू स्काल फॉष्टो. (तुला समजावं म्हणून मी हळू बोलतो.)

बोलणारा 'मी' आहे आणि समजून घेणारा 'तू'. कर्ते दोन असल्यामुळे 'फॉर ओ' चालत नाही. 'फॉर आत' नंतर कर्ता आणि बहुधा 'स्काल' हे साहाय्यकारी क्रियापद येते.

मराठीतला 'म्हणून' दोन्हीकडे चालतो : 'पाऊस होता म्हणून आलो नाही' (कारण) आणि 'तुला समजावं म्हणून हळू बोललो' (हेतू). फरक क्रियापदाच्या '-आवं' या रूपाने कळतो. जे काम आपला '-आवं' करतो, जवळपास तेच काम नॉर्वेजियनमध्ये 'फॉर आत' सोबतचा 'स्काल' करतो. मराठी वाक्यात '-आवं म्हणून' बसत असेल आणि कर्ते दोन असतील, तर 'फॉर आत' वापरावे.

६. वस्तूचा उपयोग विचारणे

एखादी वस्तू कशासाठी आहे, असे विचारताना 'वुर्फॉर' वापरत नाहीत. 'वा' (काय) सुरुवातीला आणि 'तिल' (-साठी, -कडे) शेवटी अशी रचना होते :

- वा ब्रूकेर दू देन तिल? (ती तू कशासाठी वापरतोस?)
- वा ब्रूकेस देन तिल? (ती कशासाठी वापरली जाते?)

'कशा' आणि 'साठी' मराठीत चिकटून येतात. इथे ते वाक्याच्या दोन टोकांना जातात. शेवटचा 'तिल' विसरला तर 'ती तू काय वापरतोस' असे अर्थहीन वाक्य उरते.

एक सापळा. 'कशासाठी' याचे शब्दशः रूपांतर करून अनेक विद्यार्थी 'वा फॉर' असे म्हणू लागतात. पण 'वा फॉर एन' याचा अर्थ 'कोणता' असा होतो. 'वा ॲर देते फॉर नूए?' म्हणजे 'ही काय वस्तू आहे?' यातला 'फॉर' हेतू विचारत नाही. हेतूसाठी 'वुर्फॉर' किंवा 'वा … तिल' याच रचना वापराव्यात.

७. बेत आणि इच्छा : 'स्काल' आणि 'विल'

माणसाचे ध्येय विचारताना ही दोन क्रियापदे सतत लागतात.

'विल' मध्ये इच्छा आहे. इंग्रजीच्या सवयीने विद्यार्थी त्याला निव्वळ भविष्यकाळ समजतात. तसे करू नये.
- वा विल दू ब्ली नोर दू ब्लीर स्तूर? (मोठेपणी तुला काय व्हायचंय? हा प्रश्न लहान मुलांना हमखास विचारला जातो.)
- वा विल दू ऑपनो? (तुला काय साध्य करायचंय?)

'स्काल' मध्ये ठरलेला बेत आहे.
- यॅय स्काल स्तुदेरे ई बॅर्गेन. (मी बॅर्गेनमध्ये शिकणार आहे, ठरलं आहे.)

'स्काल' सोबत मुख्य क्रियापद गाळूनही हेतू विचारता येतो, आणि ही रचना अगदी अस्सल नॉर्वेजियन आहे :
- वा स्काल दू ई बॅर्गेन? (बॅर्गेनला काय काम काढलंय?)
- वा स्काल दू मे देन? (तुला ती कशाला हवी आहे?)

दुसऱ्या वाक्यातल्या 'मे' चा अर्थ 'सोबत, -शी' असा आहे. सूर बदलला तर हीच रचना तिरकस होते. 'वा स्काल यॅय मे दे?' म्हणजे 'मला काय करायचंय त्याचं?'

८. ध्येय आणि हेतू यांसाठीची नामे

मोल : ध्येय, लक्ष्य. 'वा ॲर मोले दित?' (तुझे ध्येय काय आहे?) हा शब्द बहुअर्थी आहे. फुटबॉलमधला गोल, माप, १,००० चौरस मीटर जमिनीचे एकक आणि 'भाषा' हे सर्व अर्थ 'मोल' या शब्दाला आहेत. 'बूकमोल' या लेखनरूपाच्या नावातला 'मोल' म्हणजे भाषा. अर्थ संदर्भावरूनच ठरवावा.

फॉर्मोल : औपचारिक उद्दिष्ट, प्रयोजन. अर्ज, नियम, अहवाल यांत हा शब्द दिसतो. 'वा ॲर फॉर्मोले मे ऑपहॉले?' (वास्तव्याचे प्रयोजन काय?)

हेनसिक्त : मनातला उद्देश. 'वा ॲर हेनसिक्तेन मे प्रुषेक्ते?' (या प्रकल्पामागचा उद्देश काय?) 'मोल' गाठता येते, मोजता येते. 'हेनसिक्त' कृतीच्या मागे असते.

मेनिङ : अर्थ, हेतू. 'दे वार इके मेनिङेन' हे वाक्य पाठच करावे. कुणाला धक्का लागला, काही सांडले, तर 'मुद्दाम नाही केलं' अशा अर्थाने ते म्हणतात. उलट बाजूने विचारायचे असेल तर : 'यूरे दू दे मे विल्ये?' (तू हे मुद्दाम केलंस का?)

पुएङ आणि वित्स : 'वा ॲर पुएङे?' (मुद्दा काय?) आणि 'वा ॲर वित्सेन?' (काय अर्थ आहे याला?) 'वित्स' चा दुसरा अर्थ विनोद असा आहे. 'वा ॲर वित्सेन?' हा प्रश्न मित्रांत चालतो, प्राध्यापकांना विचारू नये.

९. प्रश्नातील सौजन्य

मराठीत आदर सर्वनामातच येतो : 'तू कशाला आलास?' आणि 'आपण कशासाठी आलात?' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजच्या नॉर्वेजियन व्यवहारात मात्र प्राध्यापक, डॉक्टर, दुकानदार, वृद्ध शेजारी या सर्वांना 'दू' असेच संबोधतात. आदरार्थी सर्वनाम जवळजवळ वापरातून गेले आहे. त्यामुळे 'दू' म्हणताना संकोचू नये, आणि कोणी आपल्याला 'दू' म्हटले तर तो अपमान समजू नये.

मग सौजन्य दाखवायचे कुठे? ते प्रश्नाच्या बांधणीत दाखवावे लागते. निव्वळ 'वुर्फॉर' कधी कधी जाब विचारल्यासारखा वाटतो. त्याऐवजी पुढील रचना सौम्य आहेत :

- वा ॲर ग्रुनेन तिल आत दू लॅरेर नॉष्क? (तुम्ही नॉर्वेजियन शिकता याचं कारण काय?)
- वुडान हार दे सॅय आत दू लॅरेर नॉष्क? (तुम्ही नॉर्वेजियन शिकताय, ते कसं काय?)
- यॅय लूरेर पो वुर्फॉर दू लॅरेर नॉष्क. (तुम्ही नॉर्वेजियन का शिकता, असं कुतूहल वाटतंय.)

तिसरे वाक्य अप्रत्यक्ष प्रश्नाचे आहे. त्यात 'वुर्फॉर' नंतर आधी कर्ता (दू) आणि मग क्रियापद (लॅरेर) आले आहे. प्रश्न उपवाक्यात गेला की अदलाबदल होत नाही. तसेच प्रश्नार्थक शब्द स्वतःच उपवाक्याचा कर्ता असेल तर त्याच्यापुढे 'सॉम' घालावा लागतो : यॅय लूरेर पो वा सॉम ॲर मोले दित. (तुमचं ध्येय काय, असं कुतूहल वाटतंय.)

१०. नमुना संवाद

बॅर्गेन हे संगीतकार एडवर्ड ग्रीग यांचे जन्मगाव. तेथील विद्यापीठाच्या ग्रीग अकादमीत संगीत शिकवले जाते. तिथे जाऊ इच्छिणारी एक भारतीय विद्यार्थिनी आणि एक नॉर्वेजियन विद्यार्थी यांच्यातला संवाद पाहू.

— वुर्फॉर लॅरेर दू नॉष्क? (तू नॉर्वेजियन का शिकतेस?)
— फॉर ओ स्तुदेरे ई बॅर्गेन. (बॅर्गेनमध्ये शिकण्यासाठी.)
— वा विल दू स्तुदेरे? (तुला काय शिकायचंय?)
— मुसिक. (संगीत.)
— वुर्फॉर दे? (का बरं?)
— फॉडी यॅय लीकेर हार्दिङफेले. (मला हार्दिङफेले आवडतं म्हणून.)
— ओ वा स्काल दू मे ताब्लाएन? (आणि हा तबला कशाला?)
— यॅय स्काल स्पिले मे दॅय! (तुझ्यासोबत वाजवणार आहे!)

'हार्दिङफेले' हे नॉर्वेचे लोकवाद्य आहे. व्हायोलिनसारख्या या वाद्यात वाजवण्याच्या तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारा असतात, जशा आपल्या सारंगीत तरफेच्या तारा असतात. संवादात एकाच 'वुर्फॉर'ला दोन वेगळी उत्तरे आली आहेत. पहिले 'फॉर ओ' ने हेतू सांगते, दुसरे 'फॉडी' ने कारण.

११. बोली आणि दुसरे लेखनरूप

नॉर्वेजियनची बूकमोल आणि न्यूनॉष्क अशी दोन अधिकृत लेखनरूपे आहेत. १८८५ मध्ये संसदेने दोन्हींना समान दर्जा दिला आणि १९२९ पासून त्यांना आजची नावे मिळाली. या पाठातली रूपे बूकमोलची आहेत. न्यूनॉष्कमध्ये 'वुर्फॉर' ऐवजी 'क्विफॉर' आणि 'वा' ऐवजी 'क्वा' असे लिहितात. अनेक बोलींतही 'व' च्या जागी 'क' ऐकू येतो. बॅर्गेनचे लोक 'वा' ऐवजी 'का' म्हणतात. तो ऐकून मराठी विद्यार्थ्याची गंमतच होते, कारण तिथल्या 'का' चा अर्थ 'काय' असा आहे!

सारांश

- 'वुर्फॉर' कारण आणि हेतू दोन्ही विचारतो. भेद उत्तरात होतो.
- कारणासाठी 'फॉडी', एकाच कर्त्याच्या हेतूसाठी 'फॉर ओ', वेगळ्या कर्त्यासाठी 'फॉर आत … स्काल'.
- वस्तूच्या उपयोगासाठी 'वा … तिल'. 'वा फॉर' टाळावे.
- 'विल' म्हणजे इच्छा, 'स्काल' म्हणजे ठरलेला बेत.
- सौजन्य सर्वनामात नाही, प्रश्नाच्या बांधणीत आहे.

स्वाध्याय

१. पुढील वाक्यांसाठी 'फॉडी', 'फॉर ओ', 'फॉर आत' यांपैकी योग्य रचना निवडा : (क) आईला वाचता यावं म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहितो. (ख) भूक नाही म्हणून मी जेवत नाही. (ग) मी पुस्तक आणायला चाललो आहे.
२. 'यॅय लूरेर पो वुर्फॉर लॅरेर दू नॉष्क' या वाक्यातील चूक दुरुस्त करा.
३. 'ही वस्तू कशासाठी वापरली जाते?' असे विचारताना वाक्याच्या शेवटी कोणता शब्द येईल?
४. 'तुम्ही नॉर्वेजियन का शिकता?' या प्रश्नाची स्वतःची दोन उत्तरे तयार करा : एक कारण सांगणारे, एक हेतू सांगणारे. दोन्ही मोठ्याने वाचा आणि यांतले कोणते उत्तर अनोळखी माणसाला द्यायला आवडेल, ते ठरवा.

उत्तरे : १. (क) फॉर आत, (ख) फॉडी, (ग) फॉर ओ. २. यॅय लूरेर पो वुर्फॉर दू लॅरेर नॉष्क. ३. तिल. ४. ज्याचे त्याने द्यावे.